माझ्या आतड्याविषयी तुझ्या कानावर आलेल्या गोष्टी

दुम्यात,
नोव्हेंबरचा पहिला सोमवार

आदरणीय तफीदाताई,

धाकट्या वजदीने तुझ्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावला आहे असं समज, आणि मग नीट टेकून बसून वाच, कारण पत्र लांबणार आहे. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डावा बरा आहे हे कळलं. डावा नेहमीच समजूतदार होता.) अस्वानची हवा आता माणसात आली असेल. मोठ्या सुनेचा दमा, नातवाची परीक्षा, शेजारणीशी चाललेला पाण्याच्या टाकीचा वाद, सगळ्यांची खुशाली कळव. फोन न करता लिहितोय याचा राग मानू नकोस. तू फोन मोठ्या आवाजावर ठेवतेस, त्यामुळे माझं पोट तुझ्या गल्लीत ऐकू जातं. आणि इकडे मी बोलायला लागलो की तुझी भावजय इन्साफ शेजारी उभी राहून माझी वाक्यं पुरी करते, बहुतेक वेळा चुकीची. उद्या सोळा खुर्च्या घेऊन आमचा ट्रक अस्वानला निघतोय, त्याच्या ड्रायव्हरजवळ हे पत्र देतो.

लुत्फीने (मामाचा लुत्फी, जो स्वतःच्या लग्नाला दोन तास उशिरा पोचला, पण दुसऱ्याच्या आजारपणाला कधीच उशीर करत नाही) तुला काय काय सांगितलं ते मला कळलंय. माझी आतडी काढून धुऊन परत बसवली. मी मृत्युपत्र केलं. इन्साफने काळा कपडा आणून ठेवला. ताई, यातलं एकही खरं नाही. कपडा गडद निळा आहे, आणि तो तिच्या भाचीच्या लग्नासाठी आहे. खरं काय ते मी सांगतो.

सुरुवात झाली ती वसंताच्या सणाला, शम्म-अल-नसीमला. नेहमीप्रमाणे आम्ही अकराजण रास-अल-बरला, नदी समुद्राला मिळते त्या टोकाशी, चटया टाकून बसलो होतो. कांद्याची पात, रंगवलेली अंडी, लिंबं आणि फसीख. तुझ्याकडे तिकडे खारवून मुरवलेली मासळी म्हणून काय मिळतं ते मला माहीत आहे, ते बोलायच्या लायकीचं नाही. आमचा फसीख अब्दुश्शकूरच्या दुकानचा होता. मी दोन मासे खाल्ले. (इन्साफ तीन म्हणते.) साडेतीनच्या सुमाराला माझ्या पोटात डावीकडे, कमरेच्या पट्ट्याखाली चार बोटांवर, कुणीतरी ओला सुंभ पिळत बसल्यासारखं दुखायला लागलं. मग थंडी वाजली. खालच्या मजल्यावरचे हाजी रुश्दी (मसाले आणि जडीबुटीचं दुकान, आणि गिऱ्हाईक नसलं की वैद्यकी) आमच्याबरोबर होते. त्यांनी माझी जीभ पाहिली, मान हलवली आणि एकच शब्द उच्चारला: फसीख.

आता दर वर्षी कुठे ना कुठे कुणी ना कुणी खराब फसीख खाऊन दगावतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो शब्द पडल्याबरोबर चटईवरची दहा निरोगी माणसं एकदम आजारी झाली. माझ्या मेहुण्याला दोन समुद्र दिसायला लागले. त्याच्या बायकोचे हात बधिर झाले. इन्साफची जीभ जड झाली असं तिचं म्हणणं होतं, पण ती हे सलग पाऊण तास सांगत होती. दोन टॅक्स्या आणि एक टेम्पो करून सगळी वरात इस्पितळाकडे निघाली; वाटेत इन्साफने टॅक्सी अब्दुश्शकूरच्या दारात थांबवली आणि भर बाजारात त्याला, त्याच्या बापाला आणि त्याच्या मिठाला जे काही सांगितलं, ते मी सीटवर आडवा पडल्या पडल्या ऐकलं. जड जिभेने माणूस इतकं बोलू शकतो हे मला नवं होतं. इस्पितळात अकरा जणांची रांग लागली. त्यात खरा आजारी मी एकटा, आणि माझा नंबर शेवटचा, कारण मीच सगळ्यात कमी ओरडत होतो.

डॉक्टर रबाब नावाची एक तरुण मुलगी होती. तिने पोट दाबलं, रक्त घेतलं, मला एका मोठ्या कड्यात सरकवून आतले फोटो काढले आणि येऊन जाहीर केलं की मासळी निर्दोष आहे. दहाजणांना घरी पाठवलं. (मेहुण्याला हे लागलं. आपल्याला काहीच झालेलं नाही हे तो अजून मानत नाही.) माझ्या दुखण्याचं तिने नाव सांगितलं ते असं की अर्धं म्हणेपर्यंत माणूस बरा व्हावा: डायव्हर्टिक्युलायटिस. माझा चेहरा पाहून तिने विचारलं, काका, काम काय करता? खुर्च्यांना गाद्या बसवतो म्हटल्यावर तिचं काम सोपं झालं. म्हणाली, नवार जुनी होऊन ढिली पडली की गादी पट्ट्यांच्या मधून खाली फुगते ना, तसं मोठ्या आतड्याच्या भिंतीतून बाहेर छोटे छोटे फुगे येतात. साठीनंतर कित्येकांच्या पोटात असतात, बहुतेकांना आयुष्यभर कळतसुद्धा नाहीत. तुमच्यातला एक सुजलाय. गोळ्या घ्या, आतड्याला विश्रांती द्या. आणि तिने छापील कागद दिला, त्यावर खाण्यापिण्याचं सगळं लिहिलेलं.

ताई, माझ्या आयुष्याचा सत्यानाश त्या कागदाने केला. इन्साफने घरी आल्या आल्या तो फ्रीजला चिकटवला. साध्या चिकटपट्टीने नव्हे. माझ्या कारखान्यातल्या, लाकडाला चामडं तीस वर्षं धरून ठेवणाऱ्या सरसाने. कागदावर लिहिलं होतं: आधी फक्त पातळ पदार्थ, मग पांढरा भात, सोललेला उकडलेला बटाटा, गाळलेलं सूप, साल नको, कोंडा नको, डाळ नको, कच्ची भाजी नको. इन्साफने हे शब्दशः पाळलं. एक आठवडा, दोन आठवडे. दुखणं थांबलं, ताप गेला, पण बटाटे थांबेनात. घरातले बाकीचे मुलुखियाची पालेभाजी खायचे, मी भाताकडे बघायचो. पाचवा आठवडा आला तेव्हा मी पाच किलोंनी उतरलो होतो आणि सकाळचा एक विशिष्ट विधी (तू मोठी बहीण आहेस, समजून घे) चार-चार दिवस होत नव्हता. हाजी रुश्दींनी याला आतड्याची शांतता असं नाव दिलं होतं आणि ते चांगलं लक्षण आहे असं सांगितलं होतं.

पाचव्या आठवड्यात रबाबबाईंकडे दाखवायला गेलो. मी छाती पुढे काढून सांगितलं की कागदावरचा शब्दन् शब्द पाळलाय.

“छान. मग आता कोंडा किती घेता?”

“कोंडा नको असं लिहिलंय.”

“ते पहिल्या काही दिवसांसाठी, काका. नंतरचं मागच्या बाजूला आहे.”

मी इन्साफकडे पाहिलं, इन्साफने छताकडे पाहिलं. आमच्या कागदाला मागची बाजू होती, आणि ती पाच आठवडे फ्रीजला तोंड लावून बसली होती. घरी येऊन आम्ही गरम पाणी, सुरी, व्हिनेगर, सगळं करून पाहिलं. कागद निघाला नाही; फ्रीजचा रंग निघाला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी नवा कागद दिला. त्यावर मागच्या बाजूला होतं: कोंड्याची भाकरी, डाळी, घेवडा, फळं, भाज्या, भरपूर पाणी, रोज चालणं, हुक्का बंद. आणि वर ठळक अक्षरांत: हळूहळू वाढवा. इन्साफला पश्चात्ताप झाला होता, आणि तुझ्या भावजयीला पश्चात्ताप झाला की ती हळूहळू काही करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घेवडा, कोंड्याच्या तीन भाकऱ्या, वर मसुरीचं सूप, दुपारी आर्टिचोक, चार वाजता पाव किलो जर्दाळू. संध्याकाळी मी कारखान्यात गेलो आणि साडेपाचला परत आलो, कारण कारागिरांनी हात जोडून विनंती केली. त्याबद्दल इथे इतकंच.

त्यात बियांचं प्रकरण निघालं. हाजी रुश्दींचं म्हणणं असं की त्या फुग्यांत बी अडकतं, कुजतं, आणि म्हणून दुखतं. त्यांच्या एका चुलतभावाच्या पोटात टोमॅटोचं बी चार वर्षं होतं. (ते हाजींनी आत जाऊन पाहिलं असावं.) इन्साफला हे शंभर टक्के पटलं. ती काकडीच्या बिया काढायला लागली. मग भेंडीच्या. मग टोमॅटोच्या. ऑगस्टमध्ये निवडुंगाची बोंडं आली तेव्हा ती एका बोंडासमोर टाचणी घेऊन दीड तास बसली, आणि शेवटी मला खायला जे मिळालं ते फक्त लाल रंगाचं पाणी होतं. मी रबाबबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी आम्हीही तसंच सांगायचो, पण बियांचा काही दोष दिसून आला नाही, खुशाल खा. घरी येऊन हे सांगितलं तर इन्साफ शांतपणे भेंडी चिरत म्हणाली, “तिचं वय काय? तिने अशा किती बिया पाहिल्या असतील?”

पण मी पुढे गेलो. त्याआधी जूनअखेर आतून कॅमेरा घालून तपासणी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूज उतरली आहे, आता आत दुसरं काही वाईट नाही ना ते बघून घेऊ. दुसरं काही म्हणजे काय ते त्या बोलल्या नाहीत, आम्ही विचारलं नाही. तपासणीच्या आधी तीन दिवस पुन्हा कोंडा बंद, बिया बंद, पांढरा भात सुरू, म्हणजे कागद परत उलटा. आदल्या दिवशी एक पावडर पाण्यात कालवून तासातासाला पेला संपवायचा, म्हणजे आतडं धुऊन निघतं. मी दहाला पहिला पेला घेतला. अकराला गल्लीतला नळ फुटला आणि सगळ्या इमारतीचं पाणी गेलं. ताई, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. पावडरीला नगरपालिकेशी काही देणंघेणं नसतं. इन्साफने गच्चीतून आरोळी दिली; भाजी वर ओढायची आमची टोपली आहे ना, तिच्या दोरीला बादली बांधली; हाजी रुश्दींनी दुकानातली टाकी उघडली. दर वीस मिनिटांनी एक बादली वर. तेवढ्यावर भागलं असतं, पण हाजींना प्रत्येक बादली मोठ्याने मोजायची सवय. पाचव्या बादलीला समोरच्या कहवाखान्यातल्यांनी पत्ते खाली ठेवले. अकराव्या बादलीला कुणीतरी वर बघून अल्ला आराम देवो म्हणालं आणि सगळ्यांनी आमीन म्हटलं. चौदावर थांबलं. आज चार महिने झाले, मी कहवाखान्यात शिरलो की एकजण तरी उठून मला संडासाच्या दाराजवळची खुर्ची देतो.

तपासणीचं मात्र मी चेष्टेत सांगणार नाही. मला बूट काढायला सांगितले, ते इन्साफने हातात घेतले. मी आत गेलो तेव्हा ती बाकावर बसली होती. भूल उतरून मी दोन तासांनी बाहेर आलो तेव्हाही ती तिथेच, तशीच, ते बूट मांडीवर सरळ ठेवून, जसे दुकानात मांडतात तसे. तिथली परिचारिका मला म्हणाली, तुमच्या बायकोने एक शब्दसुद्धा काढला नाही. मी तिला म्हटलं, मग ती माझी बायको नव्हे. पण तीच होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की फुगे बरेच आहेत, बाकी वाईट काही नाही. तेव्हा इन्साफने बूट खाली ठेवले आणि मला पहिलं वाक्य काय ऐकवलं असेल? की नाड्या किती मळल्यात, लोक काय म्हणतील.

ऑगस्टमधलं दुसरं दुखणं माझ्याच कर्माने आलं हे कबूल करतो. बारा सोफ्यांची ऑर्डर होती, वाकून वाकून कंबर धरली, हाजींनी कमरेच्या गोळ्या दिल्या आणि मी आठवडाभर घेतल्या. कागदाच्या मागच्या बाजूला सातव्या ओळीत, या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी सातवी ओळ इस्पितळाच्या खाटेवर वाचली. (चौथी ओळ हुक्क्याची. तिथे माझं वाचन बरेच दिवस अडलं होतं.) आणि ऑक्टोबरमध्ये तिसरं आलं, ते जरा दांडगं होतं. आतड्याला लागून पुवाची गाठ झाली. कुशीतून एक बारीक नळी घालून ती रिकामी केली. सहा दिवस ठेवून घेतलं. लुत्फीला जे मिळालं ते इथून. त्या सहा दिवसांत तुझ्या भावजयीने सगळा वॉर्ड ताब्यात घेतला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं सूप गाळलं, पलीकडच्याच्या मुलाला बापाला भेटायला येत नाही म्हणून फोनवर झापलं, आणि परिचारिकांना भेंडीतल्या बिया काढायला शिकवलं. निघताना त्या रडल्या. सुटकेने रडल्या असं माझं मत आहे.

निघायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बसवून सांगितलं की तिसरी वेळ झाली, आता खराब झालेला वीतभर भाग काढून दोन्ही टोकं जोडलेली बरी. घाई नाही, पण उगाच लांबवूही नका. तेव्हापासून या घरात मी सोडून प्रत्येकाला माझ्या आतड्याबद्दल मत आहे. मेहुणा म्हणतो कैरोला जा. हाजी म्हणतात मेथीचं पाणी. कारखान्यातला पॉलिशवाला म्हणतो, वीतभर कापलं तर उरलेलं पुरेल का? मी सगळ्यांना एकच सांगितलंय आणि तुलाही सांगतो: मी ठणठणीत आहे. कोंड्याची भाकरी खातो, आता तर पांढरी चवहीन लागते. रोज तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर, इन्साफबरोबर नदीकाठाने तासभर चालतो. ती बोलते, मी चालतो, दोघांचा व्यायाम होतो. अब्दुश्शकूरची मी स्वतः जाऊन माफी मागितली. त्याने मला माफ केलं, इन्साफला नाही. शस्त्रक्रियेची मला काही गरज नाही, आणि मी डॉक्टरीणबाईंना तसं नम्रपणे कळवलं आहे. तेव्हा लुत्फीचं ऐकून तू तुझा गुडघा घेऊन इतक्या लांब येण्याचा विचारही करू नकोस. इथे येऊन मत देणाऱ्यांची वाण नाही.

सगळ्या मुलाबाळांना माझे आशीर्वाद, मोठ्यांना सलाम. तुझी दुआ असू दे.

तुझा, वजनाने घटलेला पण मायेने तेवढाच,
वजदी

ता. क. शस्त्रक्रियेला नाही म्हटलं असं मी वर लिहिलंय, ते खरं नाही. हो म्हटलंय. या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी आठला. पान फाडून पुन्हा लिहिणार होतो, पण इतकं लिहून झाल्यावर कोण फाडतो.

ता. क. २. तेव्हा ये. माझ्यासाठी नव्हे. मला तर भूल देऊन झोपवतील, माझं काय. पण तीन-चार तास लागतील म्हणतात, आणि इन्साफ बाहेर त्या बाकावर एकटी असेल. मेहुण्याला बसवलं तर त्यालाच आधी खाट द्यावी लागेल. तू शेजारी बसलीस तर ती निदान तुझ्याशी भांडेल, आणि ती भांडत असली की मला धीर असतो, भिंतीपलीकडून ऐकू आलं नाही तरी. मी बोलावलं असं सांगू नकोस. रास-अल-बरची हवा खायला आले म्हण. नोव्हेंबरमध्ये तिथे कुणी जात नाही हे मला माहीत आहे. दुसरं कारण तुला सुचलं तर ते सांग.

ता. क. ३. तफीदाताई, सलाम. मी इन्साफ. हे खुर्च्या बांधायला खाली गेलेत, पाकीट अजून चिकटवलेलं नाही. मी फोनवर तुम्हाला गेल्या गुरुवारी सांगितलं तसंच सगळं ठरलेलं ठेवा, आणि बुधवारची गाडी चुकवू नका. तुम्ही माझ्याशेजारी बसायचं नाही, आत नेतील तोवर यांच्याजवळ थांबायचं. गेले दहा दिवस हे झोपेत तुमचं नाव घेतात आणि सकाळी विचारलं तर नाही म्हणतात. मी बाकावर बसेन, मला काही होत नाही. यांचं पत्र मिळालं म्हणूनच निघालात असं यांना वाटू द्या. तुम्ही दारात उभ्या राहिलात की मी चकित होईन. ते मला छान जमतं, लग्नाला छत्तीस वर्षं झाली.